अक्षरांमागची राखाडी पट्टी

दोम्निका प्लोस्कारूच्या डोक्यात तिडीक गेली ती एका चौकटीपायी. नकाशाच्या उजव्या कोपऱ्यात, अगदी खाली, नावानिशाणीची एक चौकट असते ना, तीच. सीबीऊ शहरातल्या वास्तुविशारदांच्या त्या कचेरीत तिला कार्तूश म्हणत. कार्तूशमध्ये तीन ओळी असत: प्रकल्पप्रमुख, रचना आणि रेखाटन. पहिल्या ओळीत कोर्नेलिऊ हंकू, म्हणजे कचेरीचे मालक. कचेरी त्यांची, तेव्हा ते असायचेच, त्याबद्दल कुणाचं काही म्हणणं नव्हतं. दुसऱ्या ओळीत वर्षभर दोम्निकाचं नाव होतं. त्या सोमवारी सकाळी तिने संगणक उघडला तर तिथे ओक्टाव हंकू. ओक्टाव म्हणजे मालकांचे चिरंजीव. आणि दोम्निकाबाई तिसऱ्या ओळीत, रेखाटनात, जिथे कालपरवा नोकरीला लागलेल्यांची नावं टाकतात तिथे.

एका पानावर झालं असतं तर तिने चूक म्हणून सोडून दिलं असतं. तिने पुढचं पान उघडलं, त्यापुढचं उघडलं, छपराचं, पायाचं, गटारांचं. सगळीकडे ओक्टाव.

आणि खरी आग कशाची झाली सांगू? ही सोय तिनेच करून ठेवली होती. आधी त्या कचेरीत प्रत्येक पानावर नावं हाताने टाईप करायचे. एक नाव बदललं की अख्खा दिवस गेला, तरी दोन पानं राहायचीच. दोम्निकाने फील्ड बसवली. नाव एकाच जागी साठवायचं आणि प्रत्येक पानाने ते तिथून उचलायचं. नावांचंच काय, आकड्यांचंही तसंच. दालनाचं क्षेत्रफळ, तावदानाची रुंदी, सगळे आकडे तिने रेषांना बांधून टाकले होते. रेष ओढली की आकडा आपोआप बदलायचा. अशा जिवंत अक्षरांमागे पडद्यावर एक फिकट राखाडी पट्टी दिसते. ती कागदावर छापून येत नाही. काम करणाऱ्याला कळावं एवढ्यापुरतीच असते, की बाबा, हा मजकूर जिवंत आहे, याला हात लावू नकोस. कचेरीतल्या सगळ्यांना हे ठाऊक होतं. ओक्टावला नव्हतं, कारण ओक्टाव कचेरीत असायचाच कधी?

नकाशे होते ब्राझेनीच्या मंडईचे. ब्राझेनी हे दोम्निकाचं गाव, डोंगराच्या पायथ्याला. तिची आई पारास्किवा तिथल्या बाजारात अजूनही चीज विकते. देवदाराच्या सालीत बांधलेलं, उग्र वासाचं, मेंढीच्या दुधाचं चीज. बाजार उघड्यावर. डोंगरावरून वारा सुटला की बायकांच्या बोटांना भेगा पडतात आणि सुट्टे पैसे मोजताना रक्त लागतं नाण्यांना. पारास्किवाच्या बोटांचं तर पार वाटोळं झालं होतं. नगरपालिकेने बंदिस्त मंडई बांधायचं काढलं आणि ते काम हंकूंच्या कचेरीकडे आलं, तेव्हा दोम्निकाने ते अक्षरशः हिसकावून घेतलं. डोंगराकडची अख्खी भिंत तिने काचेची केली, म्हणजे वारा अडेल आणि उजेड मात्र येईल. ओटे तिने आईला स्वयंपाकघरात उभं करून, तिच्या कमरेपासून मापं घेऊन ठरवले. म्हाताऱ्या बायकांना वाकावं लागू नये म्हणून. नकाशा तिने आईच्या टेबलावर पसरून दाखवला होता आणि पारास्किवाने दुसऱ्याच दिवशी बाजारभर करून टाकलं, की माझ्या दोम्निकाने आपल्याला मंडई काढली आहे.

तर अशी ती मंडई. दोम्निका तडक हंकूंच्या खोलीत गेली.

हंकूसाहेब वाईट माणूस होते असं कुणी म्हणणार नाही. गोड बोलायचे, वाढदिवस लक्षात ठेवायचे. गोड बोलून गळा कापणाऱ्यांची एक जात असते, त्यातले. त्यांनी तिला बसायला सांगितलं. ती उभीच राहिली आणि ब्राझेनीच्या कार्तूशमध्ये काहीतरी चुकलंय म्हणाली.

"चुकलं नाही, मीच केलंय," हंकू म्हणाले. "तुझी ती युक्ती फार झकास आहे हं. एका ठिकाणी नाव घातलं, सगळीकडे बदललं. मला म्हाताऱ्यालासुद्धा जमलं."

"साहेब, रचना माझी आहे."

"नाकारतंय कोण? कचेरीत सगळ्यांना माहीत आहे. पण कागदावर काय आहे याला काय एवढं महत्त्व? तुझ्याकडे तुझा शिक्का आहे. पोराचा अजून व्हायचाय."

गोम अशी होती. त्या देशात वास्तुकलेची पदवी घेतली म्हणजे लगेच नकाशावर सही करता येत नाही. आधी दोन वर्षं कुणाच्या तरी हाताखाली काढायची, मग रचनेच्या ओळीत आपलं नाव असलेले नकाशे घेऊन वास्तुविशारदांच्या मंडळापुढे उभं राहायचं. मंडळाचं समाधान झालं तर स्वतःचा गोल शिक्का मिळतो. ओक्टावने ती दोन वर्षं बर्फावर घसरण्यात घालवली होती. मंडळापुढे जायची वेळ आली आणि झोळीत बघतो तर काय, एका मोटारींच्या शेडशिवाय काही नाही. मग बापाने कचेरीतली सगळ्यात देखणी रचना शोधली आणि पोराच्या ताटात वाढली. आयत्या बिळावर नागोबा.

दोम्निका म्हणाली की दुसरं कुठलंही काम द्या त्याला, हे नको, हे माझ्या गावाचं आहे. हंकू मायेने, अगदी समजावणीच्या सुरात म्हणाले, "तुला पोर असतं ना दोम्निका, तर कळलं असतं."

झालं. दोम्निकाचं लग्न झालं नव्हतं, पंचेचाळिशी उलटली होती, आणि हे दुखणं कचेरीत कुणी कधी उघड्यावर आणलं नव्हतं. ती भांडली असती, नोकरीवर लाथ मारून गेली असती. पण त्या एका वाक्याने ती आतून थंड झाली. साप डूख धरतो म्हणतात, तसा तिने तिथल्या तिथे धरला.

"ठीक आहे," ती म्हणाली. "मग माझं नाव रेखाटनातूनही काढा. मी कुणाची रेखाटनीस नाही."

हंकूंना काय, बरंच झालं. त्यांनी नाव पुसलं. पण फील्ड रिकामी ठेवली की तिथे चार आडव्या रेघा उमटतात, ते काही बरं दिसेना. म्हणून त्यांनी तिथेही ओक्टावच टाकला. रचना ओक्टाव, रेखाटन ओक्टाव. कचेरीत पाण्याच्या आणि सांडपाण्याच्या नळांचं काम बघणारा जेलू म्हणून एक इरसाल माणूस होता. तो म्हणाला, पोराने रचलंही आणि रेखलंही, आता संडासाचा पाईप कुठून काढू तेही त्यालाच विचारतो. सगळे हसले. दोम्निका हसली नाही. आईलाही तिने काही सांगितलं नाही. कार्तूश म्हणजे काय हे तिला समजावण्यातच दिवस गेला असता.

पंधरवड्याने ओक्टाव कचेरीत अवतरला. मंडळापुढे जायचं तर नकाशे एकदा डोळ्यांखालून घालायला हवेत, एवढी अक्कल त्याला होती. तसा पोरगा काही दुष्ट नव्हता. पण लाडाने वाढलेल्या पोरांना विचारायची लाज वाटते, त्यातला होता. दोन-तीन दिवस मान खाली घालून त्याने काहीतरी टाईप केलं. एकदा दोम्निका त्याच्या मागून जात होती, तिची नजर पडद्यावर गेली आणि ती थबकली. काचेच्या भिंतीचं पान उघडं होतं. तावदानांच्या आकड्यांमागची राखाडी पट्टी गायब होती.

ओक्टावने मान वळवली आणि मोठ्या अभिमानाने सांगितलं, "हे राखाडी डाग काढून टाकले सगळे. मंडळापुढे असली घाण घेऊन कसं जायचं? एवढे दिवस कुणाला दिसले कसे नाहीत?"

म्हणजे या शहाण्याने प्रत्येक फील्ड उघडून त्यात तोच आकडा हाताने टाईप केला होता. स्वतःचं नावसुद्धा. पानोपानी, कार्तूशमध्ये, ओक्टाव हंकू, ओक्टाव हंकू, बसून लिहीत गेला होता. जिवंत अक्षरं मारून टाकली होती आणि वर स्वच्छता केली म्हणून छाती फुगवून बसला होता. दोम्निकाने तोंड उघडलं. अरे गाढवा, ते डाग नाहीत, असं अगदी ओठांवर आलं होतं. मग तिला ते वाक्य आठवलं, पोर असतं तर.

"छान केलंस," ती म्हणाली आणि आपल्या जागेवर जाऊन बसली.

मंडळाने ओक्टावला पास केलं. मंडईची रचना बघून एका म्हाताऱ्या सदस्याने म्हणे त्याची पाठ थोपटली, ओट्यांच्या उंचीचा विचार करणारा तरुण आजकाल दिसत नाही म्हणून. हे ओक्टावनेच येऊन सांगितलं आणि सांगताना तो दोम्निकाकडे बघत नव्हता. त्या भागात नवी वस्तू घेतली की ती भिजवायची चाल आहे, म्हणजे दारू पाजायची. शिक्काही भिजवला. हंकूंनी आलुबुखाऱ्याची घरची दारू आणली होती, छोटे पेले भरले आणि सगळ्यांनी उभं राहून प्यायली. हंकूंचे डोळे भरून आले. दोम्निकाने पेला रिकामा केला आणि आणखी मागितला. मनातल्या मनात म्हणाली, प्या, प्या.

तरी तोवर तिच्या डोक्यात काही बेत नव्हता. नुसती खुन्नस होती, आणि खुन्नस कुठे कामाला येईल हे कुणाला ठाऊक असतं? संधी आणून दिली ब्राझेनीच्या महापौरांनी. बांधकाम सुरू झालं होतं आणि अग्निशामक दलाने अडवलं, की डोंगराकडच्या भिंतीतलं फाटक अरुंद आहे, बंब आत जायचा नाही. फाटक रुंद करायचं ठरलं. काम दुरुस्तीचं, किचकट, तेव्हा ते ओक्टावकडे कसं जाईल? हंकूंनी ते दोम्निकाकडे सरकवलं.

तिने पान उघडलं. फाटकाच्या रेषा धरून दोन्हीकडे ओढल्या. दोन्ही बाजूंची तावदानं रेषांपुरती अरुंद झाली, अगदी हवी तशी. आणि आकडे? आकडे जागच्या जागी. काही महिन्यांपूर्वी असते तर रेष हलताच खाली उतरले असते. आता मेलेले होते, ढिम्म हलले नाहीत. रेषा एक सांगत होत्या, अक्षरं दुसरंच.

आता या धंद्यात एक नियम आहे, आणि तो अगदी गवंड्यालाही पाठ असतो. जे लिहिलंय ते खरं. नकाशावर पट्टी लावून रेष मोजायची नाही, कागद आखडतो, छपाईत मापं हलतात. लिहिलेला आकडा वाचायचा आणि त्याप्रमाणे करायचं. काचेचा कारखाना रेष बघणार नाही, आकडा वाचेल. एरवी कारखान्याची माणसं जागेवर येऊन स्वतः माप घेतात, पण महापौरांना संत दुमित्रूच्या जत्रेला मंडई उघडायची होती, लगेच पुढे निवडणूक होती, तेव्हा भिंत उभी राहायच्या आत काच मागवायची असं ठरून गेलं होतं. दोम्निकाला हे सगळं ठाऊक होतं. ती हाताची घडी घालून पडद्याकडे बघत बसली. चार आकडे टाईप करायचे, बस. चहा गार व्हायच्या आत झालं असतं.

तिने केलं नाही. माझं काम रेषा हलवायचं, तिने स्वतःला बजावलं. रेषा मी बरोबर हलवल्या. आकडे बघणं हे रचना करणाऱ्याचं काम आणि रचना कुणाची आहे ते खाली लिहिलंय. एवढंच करून ती थांबली असती तरी एक वेळ. ती पान छापून ओक्टावच्या टेबलावर घेऊन गेली.

"तपासून घे," ती म्हणाली. "रचना तुझी आहे."

ओक्टाव फोनवर होता. त्याने मान डोलावली, शिक्का उचलला, मारला, सही केली आणि कागद तिच्याकडे परत सरकवला. नजर टाकायचंही सौजन्य नाही. दोम्निकाने ते पान स्वतः नगरपालिकेला धाडायच्या पाकिटात घातलं.

काचा आल्या त्या दिवशी जेलू ब्राझेनीला होता. त्याचा फोन आला आणि त्याने तो सगळ्यांना ऐकू जाईल असा लावायला सांगितला. काचा बसत नाहीत, एकही नाही, फाटकाच्या दोन्ही बाजूंची सगळी तावदानं तळहाताएवढी जास्त रुंद आहेत. हंकू म्हणाले, कापून घ्या. जेलू म्हणाला, साहेब, भाजलेली काच आहे ही, सुरक्षेची, कापायला गेलं की साखरेसारखा चुरा होतो हिचा. हे हंकूंनाही माहीत होतं, घाबरलेला माणूस बोलून जातो. त्यांनी नकाशा मागवला. आकड्यावर बोट ठेवलं, मग रेषेवर. चेहरा पांढराफटक पडला. ओक्टाव शेजारी उभा होता, त्याला काही कळतच नव्हतं.

दोम्निकाला काय वाटलं? खोटं कशाला सांगू, तिच्या पोटात गारेगार वाटलं. उन्हातून येऊन माठातलं पाणी प्यावं तसं. बऱ्याच महिन्यांनी तिला त्या दिवशी दुपारी भूक लागली आणि तिने खालच्या दुकानातून मक्याच्या पिठाचा गरम मामालीगा आणून, वर साईचा गोळा घालून, चवीने खाल्ला.

दुसऱ्या दिवशी हंकूंनी तिला खोलीत बोलावलं आणि दार लोटून घेतलं. पडद्यावर ब्राझेनीचंच पान होतं. ते म्हणाले, यंत्रात काहीतरी बिघाड आहे, ती तुझी नाव बदलायची युक्ती चालेनाशी झाली. एका ठिकाणी नाव घातलं तरी पानांवर उमटत नाही.

"कुणाचं नाव घालताय?" दोम्निकाने विचारलं.

हंकूंनी चष्मा काढून पुसला. "तुझंच. मुळात तुझंच होतं ना. मीच विचार केला, हे बरोबर नाही झालं, तुझा हक्क तुला परत द्यायला हवा."

दोम्निकाला हसू आलं, आणि तिने ते लपवलं नाही. चोर ते चोर, वर दानशूर. ती पुढे झाली आणि तिने पडद्यावरच्या ओक्टावच्या नावावर बोट ठेवलं.

"यामागे राखाडी पट्टी दिसते का तुम्हाला? नाही ना. ती असती तर नाव बदललं असतं. तुमच्या पोराने डाग समजून काढली. प्रत्येक पानावर स्वतःचं नाव स्वतःच्या हाताने लिहून ठेवलंय त्याने. आणि हाताने बदलायचं म्हटलं तरी बदला, खुशाल. त्याचा शिक्का असलेली प्रत नगरपालिकेत आहे."

हंकू तिच्याकडे बघत राहिले. आता कुठे त्यांच्या डोक्यात प्रकाश पडला असावा. "तुला माहीत होतं," ते म्हणाले. "फाटक तू हलवलंस. आकडे तुला दिसले असणार."

"नाकारतंय कोण?" दोम्निका म्हणाली. "पण कागदावर काय आहे?"

ती दार उघडून बाहेर आली. पुढे व्हायचं ते झालं. नगरपालिकेने कचेरीवर दावा लावला आणि मंडळाने ओक्टावचा शिक्का काढून घेतला. तो आपली पेटी भरून निघाला तेव्हा जिन्यात दोम्निका समोरून येत होती. मला सांगितलं असतं तर, एवढंच तो म्हणाला. विचारलं असतंस तर, असं म्हणून ती वर निघून गेली.

शनिवारी ती ब्राझेनीला गेली. बाजाराचा दिवस होता. सूड गोड लागतो पण तो कुणाला तरी सांगितल्याशिवाय पुरता जिरत नाही, आणि तिला सांगण्यासारखं आईखेरीज होतं कोण? वाटेत तिने आईसाठी अक्रोडाचा गोड पाव घेतला. सगळं पहिल्यापासून सांगायचं, असं ठरवत ती गाडी चालवत होती. हंकूंचं ते 'पोर असतं तर' हेही सांगायचं.

वारा सुटला होता. मंडई उभी होती, छप्पर, ओटे, फाटक सगळं झालेलं, आणि डोंगराकडच्या भिंतीत काचांच्या जागी निळं प्लास्टिक ठोकलेलं. ते फडफडत होतं, दोन ठिकाणी फाटलं होतं. दाराला कुलूप. काचेविना उघडायला परवानगी नाही आणि नवी काच पुढच्या वर्षीच्या अंदाजपत्रकाशिवाय येणार नाही, हे तिला कचेरीतच कळलं होतं. तेव्हा तो फक्त एक निरोप होता. आता बायका कुलपाबाहेर, उघड्यावर, गेल्या वर्षीसारख्याच उभ्या होत्या, शालींनी तोंड बांधून.

पारास्किवा नेहमीच्या जागी नव्हती. तिची फळी एका टोकाला होती, भिंतीचा आडोसाही मिळणार नाही अशा ठिकाणी. मधवाल्या सावेताच्या शेजारची तिची जागा दुसऱ्याच कुणीतरी घेतली होती. दोम्निका सावेताला लहानपणापासून मावशी म्हणायची. तिने नमस्कार केला तर सावेताने मधाच्या बाटल्या पुसायला घेतल्या आणि शेजारणीला ऐकू जाईल इतपत म्हणाली, "आली बघ मंडईवाली. या वेळी आपल्या थडग्यांची मापं घ्यायला आली असेल."

दोम्निका आईजवळ गेली. आईच्या बोटांना चिंध्या बांधलेल्या होत्या.

"तू त्यांच्याशी भांडलीस का?" दोम्निकाने विचारलं.

"भांडेन नाही तर काय," पारास्किवा म्हणाली. "म्हणतात, तुझ्या पोरीला काच मोजता येत नाही. मी सांगितलं, माझी पोर चुकत नाही. दुसऱ्या कुणीतरी घोळ घातला असेल. बोलणं सोडलं त्यांनी माझ्याशी. सोडू देत. खरं ना पण? तू नाही ना चुकलीस?"

"आई, त्या नकाशावर माझं नावच नव्हतं," दोम्निका म्हणाली. हे बोलायला सोपं जाईल असं तिला वाटेत वाटलं होतं. "साहेबांनी काढून त्यांच्या मुलाचं घातलं. चूक त्याची. शिक्षाही झाली त्याला."

पारास्किवाने जरा विचार केला. "नकाशा कोण बघतं इथे? मंडई तुझी आहे हे दोन वर्षं सगळ्यांना माहीत आहे. मीच सांगितलंय." मग तिने पोरीच्या चेहऱ्याकडे नीट पाहिलं. मेंढीने कळप सोडला की लांबून ओळखणारी बाई ती, तिच्यापासून काय लपणार? "तुला कळलं होतं का, काचा बसणार नाहीत ते?"

नाही म्हणणं किती सोपं होतं. हंकूंसमोर ती बेलाशक बोलली होती, आणि हंकूंबद्दल तिला याही क्षणी तिळमात्र वाईट वाटत नव्हतं. पुन्हा वेळ आली असती तर त्यांचं तिने तेच केलं असतं. पण समोर हंकू नव्हते.

"हो," ती म्हणाली. "कळलं होतं."

पारास्किवा ओरडली नाही. तिने हातातलं चीज सालीत बांधून फळीवर ठेवलं. कमरेचा एप्रन सोडला, घडी न घालताच पोरीच्या हातात दिला आणि स्वतःची शाल घट्ट ओढून घेतली.

"मी घरी जाते. थंडी फार आहे," ती म्हणाली. "तू थांब इथे. मंडई कुणाची म्हणून कुणी विचारलं, तर आता तूच सांग. आजवर मी सांगत होते."

आणि ती खरंच चालायला लागली. अक्रोडाचा पाव फळीवर तसाच राहिला. सावेता बघत होती, बाकीच्याही बघत होत्या. दोम्निकाने एप्रन बांधला. गाठ मारायला तिला वेळ लागला, बोटं तेवढ्यातच बधीर झाली होती. मागे प्लास्टिकचा आणखी एक तुकडा सुटून वाजायला लागला, पण तिने वळून पाहिलं नाही.

बराच वेळ कुणी आलं नाही. मग टोपली घेतलेली एक म्हातारी आली, वरच्या वाडीतली, दोम्निकाला तिचं नाव आठवेना. तिने चीजचा एक गोळा उचलला, वास घेतला, भाव विचारला आणि भाव ऐकता ऐकता तोंडाकडे बघितलं.

"पारास्किवाची पोर ना गं तू? ही मंडई काढलेली?"

"हो," दोम्निका म्हणाली. "मीच."

म्हातारीने गोळा जागेवर ठेवला, टोपली दुसऱ्या हातात घेतली आणि ती पुढच्या फळीकडे गेली.